ताशी चार मैल

आमच्या सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर संध्याकाळी सात वाजता दोन मिनिटे शांतपणे उभे राहून दाखवावे, अशी माझी कुणाशीही पैज आहे. रिक्षा, बस, दुचाक्या, हातगाड्या आणि या सगळ्यांतून वाट काढणारी माणसे. मीरा-भाईंदर रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिल्यापासून वरचे आभाळही अरुंद झाले आहे. या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर तिसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड. गेल्या थंडीत आमच्या गॅलरीत बर्मिंगहॅमहून आलेला माझा जुना मित्र चहाचा कप घेऊन बसला होता. बराच वेळ खाली पाहून झाल्यावर तो म्हणाला, "पाणी कुठे आहे रे?"

मी उठून तांब्या-भांडे आणले.

"प्यायचं नव्हे," तो हसून म्हणाला, "खाडी. इथून किती लांब?"

मला उत्तर देता येईना. १९९८ साली मी इथे राहायला आलो. सकाळची चर्चगेट लोकल किती मिनिटे उशिरा येते, भाजी कुठे ताजी मिळते, हे मला झोपेतही सांगता येईल. पण खाडी? ती गाडीतून नायगावकडे जाताना पुलाखाली दिसते, एवढेच मला ठाऊक. नंतर मोजले तर ती आमच्या घरापासून जेमतेम चार-पाच किलोमीटर निघाली. इतक्या वर्षांत मी तिच्या काठावर एकदाही उभा राहिलो नव्हतो.

हा मित्र आणि मी १९८२ साली एकाच दिवशी बँकेत चिकटलो. मी गिरगावच्या चाळीतला, तो वसईचा. दोघांची टेबले समोरासमोर. त्याच्या डब्यात अधूनमधून सुकेळी यायची, आणि ती शाखेतल्या निम्म्या लोकांना पुरायची. पुढे त्याची पत्नी डॉक्टर म्हणून विलायतेला गेली आणि १९९३ मध्ये तोही राजीनामा देऊन तिकडे गेला. दर पत्रात, पुढे दर फोनवर एकच आमंत्रण असे : या एकदा. आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी. अखेर २०१९ मध्ये मी निवृत्त झालो तेव्हा सबब संपली. आम्ही गेलो, आणि त्याने आम्हाला लंडनचा राजवाडा वगैरे न दाखवता थेट एका कालव्यात नेऊन सोडले.

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उसाला पाणी देणारा पाट येतो. तिकडचे कालवे नावांसाठी खणलेले. १७६१ साली मँचेस्टरजवळ ब्रिजवॉटर कालव्यातून कोळसा येऊ लागला, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत इंग्लंडभर कालव्यांचे जाळे विणले गेले. त्यांतल्या बहुतेक मधल्या भागातल्या कालव्यांची दारे सात फुटी, म्हणून नावही सात फुटांच्या आतली. लांबी मात्र पन्नास, साठ, थेट सत्तर फुटांपर्यंत. नाव कसली, पाण्यावर सोडलेली चाळच ती. एकामागे एक खोल्या : आधी बैठक, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, मग झोपायची जागा. एकाला पुढे जायचे तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचे. गिरगावात वाढल्यामुळे मला ते फारसे जड गेले नाही.

पूर्वी ही नाव काठाने चालणारा घोडा ओढायचा. आता इंजिन आहे, पण वेगाची मर्यादा ताशी चार मैल. जास्त वेगाने गेले तर लाटा उठतात आणि काठ ढासळतो. चार मैल म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. पहिल्याच सकाळी कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा आम्हाला 'गुड मॉर्निंग' म्हणाले आणि मागे टाकून पुढे निघून गेले! सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. साहेबाकडून काम करून घ्यायचे तर कधी कधी उलटे सुचवावे लागते, हे बँकेत शिकलो होतोच.

आम्ही वॉर्स्टरहून बर्मिंगहॅमला निघालो. १८१५ साली पुरा झालेला हा कालवा. अंतर तीस मैल. म्हणजे मीरा रोडहून चर्चगेटला जाऊन परतीच्या गाडीने दादरच्या अलीकडे येण्याएवढे. त्याला आम्ही पाच दिवस लावले. कारण वाटेत अठ्ठावन्न लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. नाव एका अरुंद हौदात शिरते, मागचे दार बंद होते, पुढच्या दाराच्या खिडक्या लोखंडी हॅंडलने उघडल्या की वरचे पाणी आत येते आणि नाव अलगद वर उचलली जाते. ना पंप, ना वीज. मग दाराच्या लांबलचक लाकडी तुळईला पाठ लावायची आणि रेटायचे. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे पाणी समान होईपर्यंत ते दार हलत नाही. दहा पैलवान लावा. आणि पाणी समान झाले, की माझ्या साठीच्या पाठीनेही ते उघडते.

मला आमचा जुना हिशेब आठवला. दिवसाची जमा आणि नावे जुळल्याशिवाय कुणी घरी जायचे नाही. पाच रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलो आहोत. घाई केली की फरक वाढायचा. शांतपणे पुन्हा पहिल्यापासून टिक मारत गेलो की सापडायचा.

टार्डेबिगी नावाच्या गावाजवळ असे तीस लॉक एकापाठोपाठ एक आहेत. ब्रिटनमधली ही सर्वांत लांब रांग. तो दिवस मी विसरणार नाही. मित्र आणि मी दारे रेटत होतो, आमची ही सगळ्यांना थर्मासमधला चहा देत होती, आणि सुकाणूवर होत्या वहिनी, म्हणजे मित्राची पत्नी. आयुष्यभर इस्पितळात धावपळ केलेली ती बाई डोक्यावर गवती टोपी घालून, दांड्याला कमरेने नुसता आधार देऊन उभी होती. चाळीस वर्षांत मी त्यांना घड्याळाकडे न पाहता उभ्या असलेल्या प्रथमच पाहत होतो. संध्याकाळी शेवटचे दार उघडले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण हे आधी का नाही केलं?" कुणीच काही बोलले नाही. त्या इथे राहायला येऊन सव्वीस वर्षे झाली होती, आणि हा कालवा त्यांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर होता.

२०२१ मध्ये वहिनी गेल्या. त्यानंतर मित्र प्रथमच इकडे आला होता. म्हणून त्याने पाणी कुठे आहे असे विचारले तेव्हा तो नुसता भूगोलाचा प्रश्न नव्हता, हे तांब्या परत ठेवताना माझ्या लक्षात आले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यावर गेलो. तिथून वसईला जाणारी रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मोटारी, दुचाक्या, माणसे, सगळ्यांना घेऊन ती खाडी ओलांडते. रस्त्याने घोडबंदरचा वळसा घालून जायचे तर तीस-पस्तीस किलोमीटरांहून जास्त होतात, पाण्यातून जेमतेम साडेतीन. बोटीवर चढताच दुचाकीवाल्यांनी हेल्मेटसुद्धा न काढता मोबाइल बाहेर काढले. मित्र मात्र कठड्याशी जाऊन उभा राहिला. समोर वसईच्या किल्ल्याची झाडी हळूहळू जवळ येत होती. १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल पाहिलेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतलेली ही वसई, आणि ती घेतली त्यात या खाडीचा वाटा लहान नव्हता. मित्र त्याच गावात वाढला. पण पाण्यावरून वसई कशी दिसते, ते त्याने लहानपणी काकाच्या होडीतून पाहिले होते, त्यानंतर आज. "मिठाचे पडाव यायचे इथून," तो म्हणाला. "शीड उभारलेले. आम्ही काठावरून मोजायचो."

मग चटक लागली. एका सकाळी नायगावहून होडीने पाणजूला गेलो. खाडीच्या दोन फाट्यांमध्ये, रेल्वेच्या दोन पुलांच्या मधोमध वसलेले हे बेट. रोज लाखो माणसे त्याच्या अंगावरून जातात, आणि त्यांतल्या किती जणांना त्याचे नाव ठाऊक असेल! १८६४ साली उत्तरेकडची रेल्वे मुंबईत पोचली तेव्हापासून या पाण्यावरून गाड्या धडधडत आहेत. गाडीत बसून पूल आला की आपण हात जोडतो आणि निर्माल्याची पिशवी भिरकावतो. मीही भिरकावली आहे. खाली होडीत बसल्यावर ती पिशवी खालून कशी दिसते ते कळले. पुलाच्या कडेने चालणाऱ्या पाणजूच्या माणसांना असे फेकलेले नारळ लागून जीवघेण्या इजा झाल्या आहेत. श्रद्धा आपली, डोके दुसऱ्याचे.

आणखी एक दिवस आम्ही एका कोळी बांधवाला विनवून त्याच्या मशीनच्या होडीतून पूर्वेला घोडबंदरपर्यंत गेलो. सकाळी सातला तयार होऊन धक्क्यावर हजर. तो बिडी ओढत बसलेला. "निघायचं ना?" मी विचारले. तो म्हणाला, "भरती लागू दे. घाई कराल तं गाळात बसाल." दीड तास बसलो. मित्राला अजिबात कंटाळा आला नाही. मला मात्र पहिला अर्धा तास फार जड गेला. निवृत्त होऊन सहा-सात वर्षे झाली, पण हात अजून खिशातल्या मोबाइलकडे जात होता, जणू कुठल्या तरी शाखेचा ताळेबंद माझ्यावाचून अडला आहे.

मग पाणी चढले आणि आम्ही निघालो. दोन्ही काठांना तिवरांची दाट हिरवी भिंत. मागे मिठागरांचे चौकोन. याच मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या जमिनींनी आमच्या शहराला जागा दिली. पांढरे बगळे, एका खांबावर खंड्या. आणि मध्येच प्लास्टिकचे तरंगते बेट, थर्मोकोलचे मखर, कुणाची तरी चप्पल. वरसावे पुलाखाली पोचलो तेव्हा वर महामार्गावर ट्रकांची रांग उभी. तिथे २०२३ मध्ये नवा पूल झाला, तरी कोंडी संपलेली नाही. आम्ही ताशी चार मैलांनी खालून पुढे गेलो. अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असे म्हणतात. ज्या पाण्यातून घोडे आले, शूर्पारकाचा आणि कल्याणचा माल गेला, त्या पाण्यावर त्या सकाळी आमच्याखेरीज फक्त दोन होड्या होत्या.

आता मुद्द्यावर येतो. वसईची खाडी, उल्हास नदी आणि पुढे कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाला आहे. क्रमांक ५३. म्हणजे कागदावर आपण राजमार्गाच्या काठी राहतो. पण या मार्गाची जी काही चर्चा होते ती एकाच शब्दाभोवती : वेळ वाचवणे. ते चूक नाही. विरारच्या गाडीत एका पायावर उभ्या राहणाऱ्या माणसाची वीस मिनिटे वाचत असतील तर तो धक्का बांधणाऱ्याला मी दुवा देईन. पण पाणी हे वेळ वाचवण्याइतकेच वेळ घालवण्याचेही ठिकाण आहे, हे आपण विसरलो. आणि ज्या पाण्याकाठी कुणी वेळ घालवत नाही, त्याच्याकडे कुणी पाहत नाही. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही, तिथे सगळे कचरा टाकतात.

इंग्लंडचे कालवे याचीच साक्ष देतात. रेल्वे आली, मागून मोटारी आल्या, आणि कालव्यांचा धंदा बसला. १९४०च्या सुमारास कित्येक कालवे गाळाने भरले होते, बुजवून टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या. तेव्हा एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनिअर बायकोसह नावेतच राहत होता. त्याने कालव्यांवरच्या संथ प्रवासाचे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. ते वाचून रॉबर्ट एकमन नावाचा लेखक त्याला भेटायला आला. भेट झाली ती याच टार्डेबिगीला. १९४६ मध्ये त्यांनी कालव्यांसाठी संघटना काढली. पुढे हजारो हौशी माणसांनी सुटीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ उपसला, दारे बसवली. पुढे त्या दोघांचे बिनसलेही. संस्था म्हटली की ते आलेच. पण कालवे वाचले. आज इंग्लंड-वेल्समधले सुमारे दोन हजार मैल जलमार्ग २०१२ पासून एका धर्मादाय न्यासाकडे आहेत. मालवाहतुकीने जे जगवले नाही ते रिकामटेकड्यांनी जगवले.

याला दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला आमच्या सुनेने घेतला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पेन्शनर आहात. मी सकाळी सहाला उठते. संथपणा ही चैन आहे." आहेच. म्हणून तर ती सगळ्यांना थोडी थोडी मिळायला हवी. ज्याला आठवड्यात सहा दिवस धावावे लागते त्याला सातव्या दिवशी मॉलच्या सरकत्या जिन्यावरच का चढवायचे? दुसरा आक्षेप आमच्या होडीवाल्याचा. "पर्यटन आलं की आमी बाजूला," तो म्हणाला. ही भीतीही पोकळ नाही. केरळात अलप्पुळ्याच्या पाण्यावर हाउसबोटी इतक्या झाल्या की ज्या शांततेसाठी माणसे जातात तीच नासली आणि पाणीही बिघडले. आपल्याकडे तर नावेवर पहिली चढते ती गाण्याची भिंत.

म्हणून माझे मागणे लहान आहे. हाउसबोटी नकोत, रोषणाई नको. धक्क्यावर सावलीतला एक बाक, एक स्वच्छ शौचालय, म्हाताऱ्या माणसाला होडीत उतरता येईल असा एक धड जिना आणि भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळा. रविवारी सकाळी दोन तास, इथल्याच कोळ्यांच्या होड्यांतून, जीवरक्षक जाकिटे घालून, पाणजू ते घोडबंदर. पैसे त्यांच्याच हातात. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. शाळेतल्या मुलांना वर्षातून एकदा फुकट. एकदा त्या होडीत बसलेले मूल पुढे पुलावरून पिशवी टाकताना क्षणभर तरी थांबेल.

मित्राचा शेवटचा दिवस आला. दुपारचे ऊन उतरल्यावर आम्ही पुन्हा भाईंदरच्या धक्क्यावर गेलो. या वेळी आमची हीसुद्धा आली. बोट वसईला लागली, गाड्या उतरल्या, माणसे उतरली. आम्ही तिघे कठड्याशी तसेच. कर्मचारी जवळ येऊन म्हणाला, "काका, वसई आली. उतरायचं नाही?"

मित्राने परतीच्या तिकिटांचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. "उतरायचं नाही," तो म्हणाला.

तो पोरगा जरा गोंधळला. मग त्याने कुठून तरी एक प्लास्टिकची खुर्ची आणून हिच्यासमोर ठेवली. सूर्य खाली गेला होता, खाडीचे पाणी तांबूस झाले होते. तिकडे पुलावरून विरार गाडी चालली होती, दारात माणसे लटकलेली. मित्राने खिशातून एक घडी केलेली गवती टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, आणि ती हिच्याकडे देत म्हणाला, "वहिनी, ऊन तिरपं येतंय. घाला."

हिने ती घातली. भाईंदर येईपर्यंत काढली नाही.